‘संदेश’साठी एक चित्र
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



कलकत्त्याच्या गडपार रस्त्यावर शंभर क्रमांकाचे एक घर होते. त्या घरात एकाच छताखाली छापखानाही होता आणि कुटुंबही नांदत होते. खिळे जुळवणारे, ठसे तयार करणारे आणि यंत्रे चालवणारे कारागीर दिवसभर आपापल्या कामात असत. चार-पाच वर्षांचा एक मुलगा त्यांच्यात मुक्तपणे वावरत असे. तो कागदावर काहीतरी रेघोट्या ओढी, तो कागद ठसे करणाऱ्या कारागिराच्या हाती देई आणि हे चित्र ‘संदेश’साठी आहे, असे गंभीरपणे बजावी. कारागीरही तितक्याच गांभीर्याने मान डोलावी, मुलाला उचलून मोठ्या कॅमेऱ्यापाशी नेई आणि काचेवर ते चित्र उलटे कसे उमटते ते दाखवी. हा मुलगा म्हणजे सत्यजित राय. ही आठवण त्यांनी स्वतःच आपल्या बालपणाच्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

चित्रपट-दिग्दर्शक म्हणून त्यांची कीर्ती साऱ्या जगाला ठाऊक आहे. १९९२ साली त्यांना ऑस्करचा विशेष सन्मान आणि भारतरत्न हे दोन्ही लाभले. परंतु बंगाली घरांतून वाढलेल्या कोणत्याही मुलाला विचारले, तर त्याला सत्यजित राय प्रथम भेटतात ते फेलुदा या गुप्तहेराचे लेखक आणि त्या कथांचे चित्रकार म्हणून. चित्रपटांची ओळख पुष्कळ पुढे होते. आजचे विवेचन त्या पहिल्या ओळखीपुरतेच आहे.

त्यांच्या कामाची मुळे दोन पिढ्या मागे जातात. आजोबा उपेंद्रकिशोर यांनी मुलांसाठी रामायण लिहिले आणि त्याची चित्रे स्वतः काढली. त्या काळी चित्रे लाकडी ठशांवरून छापत असत. पुस्तक छापून हाती आले तेव्हा आपली चित्रे पार बिघडलेली त्यांना दिसली. दुसरा एखादा लेखक हळहळून गप्प बसला असता. उपेंद्रकिशोरांनी विलायतेहून यंत्रसामग्री मागवली, हाफटोन ठशांच्या शास्त्राचा स्वतः अभ्यास केला आणि त्यावर लिहिलेले त्यांचे लेख इंग्लंडमधील मुद्रणविषयक वार्षिकात छापले गेले. मुलांच्या पुस्तकातील चित्रे नीट उमटली नाहीत, एवढ्या कारणावरून एका माणसाने मुद्रणशास्त्रात भर घालावी, ही घटना मुद्रणाच्या इतिहासात आहे त्याहून मोठ्या अक्षरांत नोंदवली जायला हवी. १९१३ साली त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. बंगालीत या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक निरोप, आणि दुसरा कलकत्त्याची ती प्रसिद्ध मिठाई.

१९१५ साली उपेंद्रकिशोर निवर्तले. पुत्र सुकुमार राय इंग्लंडात मुद्रणकला शिकून आले होते. त्यांनी मासिक सांभाळले आणि त्यात असंबद्ध वाटणाऱ्या, परंतु विलक्षण तर्कशुद्ध विनोदी कविता लिहिल्या. काळाआजाराने ते अंथरुणाला खिळले, तरी आपल्या कवितासंग्रहाची चित्रे, मांडणी आणि मुखपृष्ठ हे सारे त्यांनी आजारपणातच पुरे केले. १० सप्टेंबर १९२३ रोजी ते गेले. संग्रह त्यानंतर नऊ दिवसांनी प्रसिद्ध झाला. त्या वेळी सत्यजित अडीच वर्षांचेही नव्हते.

पुढे धंदा बुडाला, छापखाना गेला आणि घरही गेले. आई सुप्रभा मुलाला घेऊन भवानीपूरला आपल्या भावाकडे राहायला आली. विधवांसाठी चालवलेल्या संस्थेत भरतकाम-शिवणकाम शिकवून तिने मुलाला वाढवले. वडिलांची आठवण म्हणावी अशी फारशी काही सत्यजितांपाशी नव्हती. होती ती त्यांची छापील पाने. मधल्या काळात काका सुबिनय यांनी ‘संदेश’ पुन्हा चालवून पाहिले, परंतु तेही थांबले. घरात गोष्टींचा तुटवडा मात्र कधी पडला नाही. आजोबांचे धाकटे बंधू कुलदारंजन यांनी शेरलॉक होम्सच्या कथा बंगालीत आणल्या होत्या. शाळकरी वयात सत्यजितांना होम्सचे जे वेड लागले, ते अखेरपर्यंत टिकले. कित्येक वर्षांनी फेलुदा एका कथेत लंडनला जातो, तेव्हा बेकर स्ट्रीटवर जाऊन आपल्या गुरूला वंदन केल्याशिवाय परतत नाही!

पदवीनंतर आईच्या आग्रहाने सत्यजित शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखोपाध्याय हे तेथील त्यांचे गुरू. विद्यार्थी असतानाच मित्रांसह त्यांनी भारतातील शिल्पतीर्थांची यात्रा केली. त्या यात्रेत अजिंठा, वेरूळ आणि घारापुरी येथील लेणी त्यांनी पाहिली. मराठी मुलखाशी त्यांचा पहिला परिचय झाला तो दगडातून. तीसेक वर्षांनी, १९७३ साली, त्यांनी एक फेलुदाकथा थेट वेरूळच्या कैलास लेण्यात नेली. भुवनेश्वरच्या राजाराणी मंदिरावरील यक्षीचे मस्तक कोणीतरी फोडून परदेशी ग्राहकाला विकू पाहतो. त्या चोरीचा माग काढत फेलुदा औरंगाबादला आणि तेथून वेरूळला येऊन पोहोचतो. या कथेत फेलुदाचा जो संताप दिसतो, तो इतरत्र क्वचितच आढळतो. शतकानुशतके उभे राहिलेले शिल्प चार पैशांसाठी फोडणारा माणूस त्याला खुन्याइतकाच अपराधी वाटतो. विद्यार्थिदशेत त्या लेण्यांसमोर उभ्या राहिलेल्या तरुणाचा हा संताप आहे, असे म्हटले तर चूक होणार नाही.

१९४३ साली दरमहा ऐंशी रुपयांवर ते एका ब्रिटिश जाहिरात कंपनीत कनिष्ठ चित्रकार म्हणून रुजू झाले. त्याच सुमारास सिग्नेट प्रेस या प्रकाशनसंस्थेसाठी ते पुस्तकांची मुखपृष्ठे करू लागले. विभूतिभूषणांच्या ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठी संक्षिप्त आवृत्ती निघाली, तिची चित्रे त्यांनी काढली. ती काढताकाढता या कादंबरीचा चित्रपट होऊ शकेल, हा विचार त्यांच्या मनात रुजला. जगाच्या चित्रपट-इतिहासातील एका मानबिंदूचा उगम असा मुलांच्या पुस्तकातील चित्रांत आहे. अक्षरकलेचा व्यासंगही त्याच काळातला. पुढे त्यांनी रोमन लिपीसाठी रेखाटलेल्या अक्षरवळणांना आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले.

१९६१ साल उजाडले तेव्हा सत्यजित राय चाळिशीत होते. ‘पथेर पांचाली’ जगभर गाजला होता आणि अपूच्या जीवनावरील तिन्ही चित्रपट पुरे झाले होते. आश्चर्य याचे वाटते, की तोवर बंगालीत कथालेखक म्हणून त्यांचे नाव कोणी ऐकले नव्हते. तरुणपणी त्यांनी दोन कथा लिहिल्या होत्या, त्याही इंग्रजीत. त्या वर्षी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्या साहाय्याने त्यांनी ‘संदेश’ पुन्हा सुरू केले. व्यवहाराच्या हिशेबाने पाहिले तर हे धाडस वेडेपणाचेच होते. हेच मासिक यापूर्वी दोनदा बंद पडले होते आणि मुलांच्या मासिकाने कोणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही. मासिक सुरू झाले की त्याला दरमहा मजकूर पुरवावा लागतो, हे संपादनाचे काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. संपादकालाच लेखणी हाती घ्यावी लागली. त्याच वर्षी प्राध्यापक शंकू हा विक्षिप्त शास्त्रज्ञ अवतरला आणि १९६५ च्या अखेरीस फेलुदा. पुढे लीला मजुमदार आणि नलिनी दास यांनी सत्यजितांसह संपादनाचा भार वाहिला. दोघीही त्याच घराण्यातील होत्या.

फेलुदाचे खरे नाव प्रदोषचंद्र मित्र. ‘दा’ म्हणजे दादा. गोष्ट सांगणारा तोपशे हा त्याचा चुलतभाऊ, वयाने शाळकरी. सगळे प्रसंग आपल्याला दिसतात ते त्याच्या नजरेतून. फेलुदाजवळ कोल्ट रिव्हॉल्व्हर असते, परंतु त्याचा भरवसा असतो तो ‘मगजास्त्रा’वर, म्हणजे मेंदू नावाच्या शस्त्रावर.

पहिल्या कथेचे रहस्य येथे फोडावे लागत आहे, त्याबद्दल ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांची क्षमा मागणे उचित ठरेल. दार्जिलिंगमध्ये राजेनबाबू नावाच्या सज्जन वृद्ध गृहस्थांना एक धमकीचे पत्र येते. छापील कागदातून कापलेले शब्द चिकटवून ते तयार केलेले असते. त्या शब्दांच्या टाइपाचे वळण पाहून ते कोठून कापले असावेत, याचा अंदाज फेलुदा बांधू लागतो. ज्याचे बालपण खिळ्यांच्या छापखान्यात गेले आणि तारुण्य अक्षरे रेखाटण्यात, त्या लेखकाने आपल्या गुप्तहेराच्या हाती पहिला पुरावा म्हणून अक्षरच ठेवावे, हा निव्वळ योगायोग मानणे कठीण आहे. आणि गुन्हेगार कोण निघतो? राजेनबाबूंचा जुना वर्गबंधू. शाळेच्या शर्यतीत राजेनबाबूंनी केलेली आगळीक त्याच्या मनात पन्नास वर्षे सलत राहिली होती. म्हणून केवळ घाबरवण्यासाठी हा सारा उद्योग. या सभागृहात बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींना या ठिकाणी आपल्या वर्गातील एखादे नाव आठवले असेल, तर त्यात नवल नाही.

या कथांची खरी कसोटी वेगळीच होती. मुलांसाठी रहस्यकथा लिहिणे सोपे नाही, हे सत्यजितांनी इंग्रजी अनुवादाच्या प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितले आहे. प्रौढांच्या रहस्यकथेत खुनाला कारण लागते ते बहुधा अनैतिक संबंधांचे, मत्सराचे नाहीतर वासनेचे. ही सारी कारणे वर्ज्य, आणि हिंसाही अगदी बेताचीच, असा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला. मग उरते काय? लोभ उरतो. दुर्मीळ वस्तूंची हाव, जुनी अढी, खोटी ओळख आणि वारशाचे भांडण उरते. एवढ्या मोजक्या साहित्यावर त्यांनी पस्तीस पूर्ण कथा-कादंबऱ्या उभ्या केल्या.

काशीच्या पार्श्वभूमीवरील ‘जय बाबा फेलुनाथ’मधील एक प्रसंग पाहावा. मगनलाल मेघराज हा धनाढ्य तस्कर फेलुदाला आपल्या दिवाणखान्यात बोलावतो. सरबत पाजतो, गोड बोलतो. मग फेलुदाच्या भाबड्या मित्राला, लालमोहनबाबूंना, एका फळीसमोर उभे करतो आणि थकलेल्या, म्हाताऱ्या सुरीफेक्याला त्यांच्याभोवती सुऱ्या फेकायला सांगतो. सुऱ्या एकामागून एक येऊन फळीत रुततात. रक्ताचा थेंबही सांडत नाही. तरीही वाचणाऱ्या मुलाच्या मनात दुष्टपणा म्हणजे काय याचे जे चित्र उमटते, ते दहा खुनांच्या वर्णनाने उमटणार नाही. समोरच्या माणसाच्या मित्राला अपमानित करून त्यालाच हतबल करणे, ही दुष्टपणाची रीत मुलांना शाळेच्या मैदानावरून चांगली परिचित असते. फेलुदाही त्या क्षणी काही करू शकत नाही, आणि लेखक हे लपवत नाही.

लालमोहनबाबू म्हणजेच ‘जटायू’. ते स्वतः लोकप्रिय रहस्यकथालेखक आहेत. त्यांच्या कादंबऱ्यांची नावे अनुप्रासांनी खणखणतात, परंतु आत चुका ढिगाने असतात. उंट पाणी कुठे साठवतो यासारख्या गोष्टी फेलुदाला दुरुस्त कराव्या लागतात. या पात्रात लेखकाने आपल्याच व्यवसायाची थट्टा केली आहे आणि त्याचबरोबर मुलांना एक धडाही नकळत दिला आहे. मोठी माणसे चुकतात, छापलेलेही चुकते, ते तपासून पाहावे. राजस्थानच्या पार्श्वभूमीवरील ‘सोनार केल्ला’ या कादंबरीत, १९७१ साली, जटायू रेल्वेच्या डब्यात प्रथम भेटतात. तीन वर्षांनी या कादंबरीचा चित्रपट निघाला. त्यात संतोष दत्त या नटाने, जे पेशाने वकील होते, ही भूमिका अशी काही वठवली की त्यानंतरच्या पुस्तकांत सत्यजितांनी जटायूंचा चेहराच बदलून टाकला. पहिल्या चित्रांतील जटायू मागे पडले आणि संतोष दत्तांचे रूप घेऊन नवे जटायू आले. १९८८ साली संतोष दत्त वारले, तेव्हा आता फेलुदाचा चित्रपट पुन्हा करणे नाही, असे सत्यजितांनी ठरवले आणि पाळले.

चित्रांविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. व्यापारी हिशेबासाठी वापरतात तशा लाल कापडी बांधणीच्या चोपड्या ते वापरीत. त्यांतच कथेचा मसुदा, पात्रांची रेखाटने, वेशभूषा, संगीताच्या नोंदी हे सारे एकत्र नांदे. शाई, कुंचला आणि लेखणी एवढ्याच साधनांनी ते काळ्या-पांढऱ्यात चित्र काढीत. शीर्षकाची अक्षरेदेखील प्रत्येक पुस्तकासाठी नव्याने घडवीत. रहस्यकथेचे चित्रण ही तारेवरची कसरत असते. चित्रकाराने जास्त दाखवले तर रहस्य फुटते, खोटे दाखवले तर वाचकाची फसवणूक होते. लेखक आणि चित्रकार एकच असल्यामुळे कोणत्या क्षणाला थांबायचे, हे त्यांना अचूक साधे.

उणिवाही आहेत. या कथांतून स्त्रिया जवळजवळ नाहीतच. वासनेची कारणे टाळायची म्हणून स्त्रीपात्रेच टाळायची, हे समर्थन पटण्याजोगे नाही. धाडसी मुलगी रहस्यकथेत असायला कोणत्याही गैर गोष्टीची गरज पडत नाही, हे त्याच ‘संदेश’मध्ये नलिनी दास यांनी चार मुलींच्या ‘गंडालू’ या शोधपथकाच्या कथा लिहून दाखवून दिले होते. १९८३ च्या हृदयविकारानंतरच्या काही कथांत पूर्वीची वीण राहिली नाही, हेही मान्य करावे लागते. मुलांनी तशी पत्रे पाठवली असणारच. ‘नयन रहस्य’ या कादंबरीच्या आरंभीच फेलुदा खिन्न बसलेला दिसतो, कारण अलीकडच्या गोष्टी पूर्वीसारख्या रंगत नाहीत, अशा वाचकांच्या तक्रारी त्याच्याकडे आलेल्या असतात. जागतिक कीर्तीच्या कलावंताने मुलांची तक्रार इतकी मनावर घेतल्याचे उदाहरण सहजी सापडणार नाही.

बृहन्महाराष्ट्रातील वाचकांना या कथांत आणखी एक गोष्ट जिव्हाळ्याची वाटेल. फेलुदा कलकत्त्यात राहतो, पण त्याची रहस्ये लखनौ, काशी, गंगटोक, पुरी, काठमांडू अशी दूरदूर पसरलेली आहेत. जाईल तेथे त्याला पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात स्थिरावलेली बंगाली घरे भेटतात. काशीच्या घोषाल कुटुंबात दुर्गेची मूर्ती घरातच घडवली जाते आणि त्या घरातील लहान रुकू रहस्यकथांची पारायणे करतो. अशा घरांना बंगालीत ‘प्रवासी’ म्हणतात. त्यांना मायदेशाशी बांधून ठेवणारे जे धागे होते, त्यांत दर महिन्याला टपालाने येणारे मुलांचे मासिक हाही एक होता. याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. ब्योमकेश बक्षी या बंगाली गुप्तहेराचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी आयुष्याची अखेरची वर्षे पुण्यात काढली आणि तेथे राहूनच ब्योमकेशच्या कथा बंगालीत लिहिल्या. त्यांच्या ‘चिडियाखाना’ या कादंबरीवर सत्यजितांनी १९६७ साली चित्रपट काढला.

मराठी मुलांना फास्टर फेणेच्या रूपाने आपला हुशार, धडपड्या नायक भा. रा. भागवतांनी दिलाच होता. फेलुदा मात्र मराठीत फार उशिरा आला. अशोक जैन यांच्या अनुवादामुळे आणि रोहन प्रकाशनामुळे तो घरोघर पोहोचला. ज्या घरांतील मुले शाळेत मराठी वाचतात आणि गल्लीत दुसरीच भाषा बोलतात, त्या घरांत ही पुस्तके पालकांनी आधी स्वतः वाचावीत. मुले ती मागून घेतील.

पुस्तकांच्या उत्पन्नाने पुढे सत्यजितांच्या संसाराचा बराच भार उचलला. चित्रपटाच्या मिळकतीची शाश्वती नसे. तरीही ‘संदेश’चे काम त्यांनी सोडले नाही. दुसऱ्यांच्या कथांना चित्रे काढणे, मुखपृष्ठे रंगवणे, कोडी रचणे, मुलांनी पाठवलेले लिखाण वाचणे, हे सारे चित्रीकरणाच्या धामधुमीतही चालूच राही. २३ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या कागदपत्रांत फेलुदाची एक अप्रकाशित कथा होती. एका जादूगाराच्या भोवती ती गुंफलेली आहे. तीन-साडेतीन वर्षांनी ती छापून आली, ‘संदेश’मध्ये.